रायझन ७ ९८००एक्स३डी सोबत गेमिंगसाठी एक्स८७०ई चिपसेटचा महागडा मदरबोर्ड घ्यावा का?

फक्त गेमिंग करणार असाल तर नका घेऊ. हा प्रोसेसर गच्च भारातही १६२ वॉटच्या आसपासच खातो. त्याहून स्वस्त बी८५० चिपसेटच्या चांगल्या बोर्डाचं व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, तेवढं आरामात पेलतं. फ्रेम्स सारख्याच मिळतील. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. एक्स८७०ई वर मिळणारा वेगवान यूएसबी ४ पोर्ट खरंच लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

महाग बोर्ड घ्यायचाच असेल, तर आधी मॅन्युअलमधला लेन (डेटा वाहणाऱ्या मार्गिका) वाटपाचा तक्ता बघा. बऱ्याच एक्स८७०ई बोर्डांत दुसरी जेन ५ (पीसीआयई ५.० ची वेगवान) एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट एक्स१६ वरून एक्स८ वर, म्हणजे १६ लेनवरून ८ वर येतो. खोक्यावर हे ठळक कोणी छापत नाही.

आपल्या इंदूरचा मे महिना ठाऊकच आहे, पारा चाळिशीपार. म्हणून व्हीआरएमवर जाड, खाचांचे हीटसिंक हवेतच, नुसती चकचकीत झाकणं नकोत. सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारा, पण बोर्ड खोक्यातून काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मागे बायॉस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न लावताही बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर अपडेट करायचं) बटण आहे ना, तेही बघून घ्या. रॅमच्या दोनच पट्ट्या लावा, चार लावल्या की डीडीआर५ चा वेग पडतो.