श्रेक ही परीकथांची थट्टा आहे, तर तिचा शेवट परीकथेसारखाच का होतो?

आपण विचारले आहे की, श्रेक चित्रपटमालिका परीकथांची थट्टा करते असे सगळेच म्हणतात, पण चुंबन, लग्न आणि सुखाचा संसार हे सारे तिच्यातही यथासांग येतेच. मग ही थट्टा नेमकी कशाची, आणि चारही भाग पाहण्यासारखे आहेत का? माझ्या मते ही थट्टा परीकथेची नसून परीकथा सांगणाऱ्याची आहे. गोष्टीचे पुस्तक कोणाच्या हातात आहे, याकडे लक्ष ठेवून चारही भाग पाहिले, तर कोणता भाग का जमला आणि कोणता का फसला, हेही बऱ्यापैकी उलगडते. पुढे कथानकातील रहस्ये उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

२००१ साली आलेल्या पहिल्या चित्रपटाचे पहिलेच दृश्य आठवून पाहा. पडद्यावर सोनेरी नक्षीचे एक जाडजूड पुस्तक उघडते आणि मनोऱ्यात कोंडलेल्या शापित राजकन्येची गोष्ट एक धीरगंभीर आवाज वाचू लागतो. शापातून सुटका होणार ती खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने, इथवर वाचन येते न येते तोच त्या आवाजाला हसू फुटते, एक हिरवा हात पान टर्रकन फाडतो, आणि वाचक संडासात बसला होता हे आपल्या ध्यानात येते. फाडलेल्या पानाचे पुढे काय झाले, हे पाण्याच्या आवाजावरून कळते. विनोद म्हणून हे थोडे ओंगळच आहे, तरीही अर्ध्या मिनिटात लेखकांनी दोन गोष्टी साधल्या आहेत. एक म्हणजे, ज्या गोष्टींमध्ये राक्षसाला केवळ मरण्यापुरता प्रवेश असतो, ती गोष्ट इथे राक्षसच वाचतो आहे. दुसरे म्हणजे, गोष्टीवर विश्वास नसूनही त्याने पुस्तक घरात ठेवले आहे. श्रेकला परीकथांची खरोखरच फिकीर नसती, तर ती वाचण्याचे त्याला काही कारणच नव्हते.

मूळ पुस्तकात हा पेच नाही. विल्यम स्टाइग यांनी १९९० साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, 'श्रेक!' हे छोटेखानी चित्रपुस्तक लिहिले. यिडिश भाषेत या शब्दाचा अर्थ भय असा होतो. त्या पुस्तकातला श्रेक कुरूप असल्याचा अभिमान बाळगणारा आणि मनाने अगदी निश्चिंत असा प्राणी आहे. त्याला त्याच्याइतकीच कुरूप राजकन्या भेटते, दोघे एकमेकांना पसंत करतात आणि गोष्ट आटोपते. शाप नाही, रूपांतर नाही, न्यूनगंड तर नाहीच. चित्रपटाने नाव, गाढव आणि अग्निमुखी ड्रॅगन उचलले, पण नायकाला एक जखम दिली: लोक आपल्याला पाहताच पळतात, म्हणून आपणच आधी त्यांना पळवून लावायचे. कांद्याला जसे पापुद्रे असतात तसे आम्हालाही असतात, हे श्रेक गाढवाला समजावतो ते दृश्य म्हणूनच गाजले. गाढव मात्र कांद्याऐवजी सगळ्यांना आवडेल असा थरांचा एखादा गोड पदार्थ सुचवत राहते, आणि श्रेकचे दुःख विनोदात विरघळून जाते.

त्या जखमेला आवाजाने मोठा हातभार लावला आहे. ही भूमिका आधी ख्रिस फार्ली या विनोदी अभिनेत्याची होती आणि त्याचे बरेचसे ध्वनिमुद्रणही झाले होते. डिसेंबर १९९७ मध्ये त्याचे अकाली निधन झाले आणि माइक मायर्स आला. मायर्सने एकदा सगळे संवाद म्हणून झाल्यावर ते स्कॉटिश ढंगात पुन्हा म्हणण्याचा आग्रह धरला. खलनायक लॉर्ड फार्क्वाडचे घासूनपुसून लख्ख केलेले इंग्रजी आणि श्रेकची ती रांगडी बोली शेजारीशेजारी ऐकली, की दलदलीचा मालक कोण आणि हद्दपारीचे हुकूम काढणारा कोण, हे डोळे मिटूनही ओळखता येते.

फार्क्वाड हा या मालिकेतला गोष्ट ताब्यात घेऊ पाहणारा पहिला माणूस. त्याचे ड्युलॉक नगर एखाद्या करमणूक उद्यानासारखे चकाचक आणि निर्जीव आहे. तिथे नियम गाऊन दाखवणाऱ्या लाकडी बाहुल्या आहेत आणि जिवंत परीकथा पकडून बाहेर हाकलून दिल्या जातात. तीन डुकरे, आंधळे उंदीर, पिनोकिओ हे सगळे त्या हुकुमामुळेच श्रेकच्या दलदलीत येऊन पडतात. हा चित्रपट ज्या ड्रीमवर्क्सने काढला, तिच्या तीन संस्थापकांपैकी एक असलेले जेफ्री कॅट्झेनबर्ग १९९४ साली डिस्ने या परीकथापट आणि करमणूक उद्यानांसाठी प्रसिद्ध कंपनीतून बाहेर पडलेले होते, हे ठाऊक असले की त्या उद्यानाकडे पाहताना मिस्कील हसू येते. मात्र माहिती नसतानाही दृश्य तितकेच चालते, आणि हेच त्याचे बळ आहे.

आता चुंबनाकडे येऊ. मनोऱ्यातली ती शापित राजकन्या म्हणजे फियोना, दिवसा माणूस आणि रात्री ओगर, म्हणजे श्रेकच्या जातीची राक्षसीण. श्रेक फियोनाचे चुंबन घेतो, प्रकाशाचे लोळ उसळतात, फियोना हवेत उचलली जाते, आणि खाली येते ती ओगरच्याच रूपात. माझ्या सहा वर्षांच्या भाचीने या ठिकाणी मला अगदी काळजीने विचारले होते, "पण ती अजून पूर्ण बरी नाही झाली ना?" पडद्यावर फियोनाही त्याच गोंधळात असते, कारण दोघींनी त्याच जातीच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. शापाची अट चित्रपटाने शब्दशः पाळली. खऱ्या प्रेमाला जे रूप, ते तिचे रूप. त्यानंतर कांद्याची बग्गी येते, पुस्तक मिटते आणि शेवटच्या ओळीत 'सुखाने' या शब्दाच्या जागी 'कुरूपपणे' एवढाच बदल केलेला दिसतो. परीकथेचा साचा तसाच ठेवून आतला एकच शब्द बदलायचा, अशी ही तऱ्हा आहे.

पहिल्या भागावर माझा एक आक्षेप मात्र आहे आणि तो वयाबरोबर वाढला आहे. दिसण्यावरून कोणाला जोखू नये, असे सांगणारा हा चित्रपट फार्क्वाडच्या बुटकेपणावर मात्र येताजाता विनोद करतो, त्यात श्रेक आणि गाढवही हिरिरीने सामील होतात. कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवलेला आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे पहिलेवहिले ऑस्कर मिळवलेला चित्रपट असला, म्हणून ही खोट झाकण्याचे कारण नाही.

२००४ चा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा सरस वाटतो. पुस्तक पुन्हा उघडते, पण या वेळी ते प्रिन्स चार्मिंग सांगत असतो, आणि अर्थातच त्याच्या गोष्टीचा नायक तो स्वतःच असतो. वाळवंटे आणि थंडीवारा तुडवून तो मनोऱ्यावर पोहोचतो, पलंगाचा पडदा बाजूला करतो, तर तिथे बाईचा झगा घातलेला लांडगा निवांत वाचत पडलेला. राजकन्या मधुचंद्राला गेली आहे, असे तो सांगून टाकतो. आपली गोष्ट आपल्यावाचूनच होऊन गेली, हा धक्का चार्मिंगला पुढे दोन भाग पचत नाही. लग्न झाल्यावर गोष्ट संपते हा परीकथेचा नियम असल्यामुळे, लग्नानंतर सासरी जेवायला जाणे हा प्रसंग कुठल्याच परीकथेने हाताळलेला नाही. हा भाग नेमका तिथून सुरू होतो.

ते जेवणाचे दृश्य मी कितीदा पाहिले, याची मोजदाद नाही. लांबलचक टेबल आहे, एका टोकाला राजा हॅरल्ड, दुसऱ्या टोकाला श्रेक, आणि मध्ये आई आणि मुलगी. बोटे बुडवण्यासाठी ठेवलेल्या वाडग्यातले पाणी जावईबापू सूप समजून चमच्याने पितात, फियोना खुणेने सावरू पाहते. मग नातवंडांचा विषय निघतो, राजा एक टोमणा मारतो, जावई त्याहून बोचरा परत करतो, आणि बघता बघता दोघेही समोरच्या पदार्थांची लचकेतोड करू लागतात. शेवटी एकमेकांना आवरण्यासाठी प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने ओरडतो, आणि या गदारोळात आपण मागे राहू नये म्हणून गाढव स्वतःच्याच नावाने आनंदाने ओरडते. या दृश्यात जादूचा लवलेश नाही. चेहरे, काटेचमचे आणि संवादांची लय, एवढ्यावरच ते उभे आहे. हॅरल्डला जॉन क्लीझ आणि राणी लिलियनला जूली अँड्र्यूज यांचा आवाज आहे, हे ऐकताच कळते.

या भागातली फेअरी गॉडमदर ही फार्क्वाडची मोठी आवृत्ती. तिने सुखान्त हाच धंदा केला आहे: कारखाना, कर्मचारी, बाटलीबंद काढे, सगळे काही. कोणाला कोणता शेवट मिळणार हे ती ठरवते, आणि त्याची किंमत नंतर वसूल करते. तिचा काढा पिऊन श्रेक देखणा मानव होतो, गाढव पांढरेशुभ्र घोडे होते, फियोनाही मानवी रूपात येते. मध्यरात्रीपूर्वी चुंबन घेतले की ते रूप कायमचे. इथे मालिकेने आपल्याच पहिल्या भागावर कडी केली आहे. तेव्हा फियोनाचे रूप शापाने ठरवले होते, तिला कोणी विचारले नव्हते. आता श्रेक तिला विचारतो, आणि ती चुंबन नाकारते, घड्याळाचे ठोके पडू देते. परीकथेतल्या नायिकेने चुंबन घेऊ न देऊन आपला सुखान्त मिळवावा, याहून नेमकी कलाटणी मला या मालिकेत दुसरी सापडत नाही. या भागाने जगभरात ९० कोटी डॉलरहून अधिक कमावले, आणि या बाबतीत तरी प्रेक्षकांशी माझे जमले.

२००७ चा तिसरा भाग चुकवला तरी चालेल. पुस्तकाऐवजी इथे रंगमंच आहे, चार्मिंग पुठ्ठ्याच्या देखाव्यासमोर आपली गोष्ट साकारतो आणि जेवायला आलेले प्रेक्षक त्याची टर उडवतात. ही सुरुवात उत्तमच आहे. पण पुढे श्रेकला गादी नको, बाप होण्याचीही भीती, म्हणून तो आर्थर नावाच्या शाळकरी वारसाला शोधायला निघतो, आणि या प्रवासात परीकथा केवळ नेपथ्यापुरती उरते. स्नो व्हाइट गोड गाऊन पशुपक्षी जमवते आणि मग तेच सैन्य पहारेकऱ्यांवर सोडते, एवढे एक दृश्य लक्षात राहते. कमाई मात्र यानेही ८० कोटी डॉलरच्या आसपास केली.

२०१० चा चौथा भाग लोकांनी कंटाळून पाहिला, असा माझा समज आहे, आणि तो अन्याय आहे. मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या गर्दीत वैतागलेला श्रेक एक दिवस पूर्वीसारखा राक्षस म्हणून जगता यावे यासाठी रंपलस्टिल्टस्किन या कपटी सौदेबाजाशी करार करतो आणि बदल्यात बालपणातला कुठलाही एक दिवस देऊन टाकतो. रंपल त्याचा जन्मदिवसच घेतो. त्यापूर्वी, दुकानात गोष्टीचे पुस्तक चाळणारा रंपल चिडून त्यातले पान फाडताना दिसतो. पहिल्या भागात जी कृती श्रेकने हसत हसत केली, तीच आता त्याचे अख्खे आयुष्य पुसू पाहणारा माणूस करतो आहे. या नव्या जगात फियोना कोणाची वाट न पाहता स्वतःच मनोऱ्यातून बाहेर पडली आहे आणि ओगरांच्या बंडाचे नेतृत्व करते आहे. करारातून सुटण्याची पळवाट खऱ्या प्रेमाचे चुंबन हीच असते. श्रेक आपल्या बायकोचे चुंबन घेतो आणि काहीही घडत नाही, कारण ही फियोना त्याला ओळखतही नाही. पहिल्या भागात उलटे चाललेले, दुसऱ्यात नाकारलेले चुंबन इथे चक्क निकामी ठरते. पुन्हा नव्याने, मेहनतीने तिचे मन जिंकणे एवढाच मार्ग उरतो.

दुसऱ्या भागापासून मालिकेत आलेल्या पुस या तलवारबाज मांजराच्या स्वतंत्र चित्रपटांपैकी २०२२ चा 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' आवर्जून पाहावा, नऊपैकी शेवटचा जन्म उरलेल्या शूरवीराच्या मागे साक्षात मृत्यू लांडग्याच्या रूपात शीळ घालत येतो, आणि त्या शिळेने मोठी माणसेही सावरून बसतात. फार लहान मुले सोबत असतील तर तेवढे मनात असू द्यावे.

तेव्हा पहिला, दुसरा आणि चौथा या क्रमाने पाहा, आणि दुसरा शक्य झाल्यास दोनदा. जावई राक्षस आहे म्हणून आकांडतांडव करणारा हॅरल्ड मुळात गॉडमदरच्या कृपेने माणूस झालेला बेडूक होता, हे शेवटी कळते. पण सुरुवातीलाच, शयनगृहात, लिलियन त्याला समजावताना कमळांच्या तळ्याकाठच्या जुन्या दिवसांची आठवण काढते, त्यालाही आपले पहिले चुंबन आठवते, आणि दुसऱ्याच क्षणी तो विषय झटकून टाकतो. दुसऱ्या वेळी पाहताना त्या क्षणी त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.