ह्यूस्टनला येताय, तर वादळाच्या नंबरापेक्षा घराचा पत्ता बघा

तुम्ही विचारलंय, ऑगस्टमध्ये कंपनीकडून ह्यूस्टनला बदली होतेय, बायको आणि चौथीतली मुलगी बरोबर येणार, पश्चिमेकडच्या केटी उपनगराच्या बाजूला भाड्याचं घर बघताय, तर हरिकेनचं कितपत मनावर घ्यायचं? व्हिसा, बँक, मुलीच्या लसी हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, ते मी सोडून देते. वादळाचं मात्र लांबलचक लिहिणार आहे, कारण प्रश्न वाचल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय.

इथला मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. जुलै सरत आला की आमचं सगळ्यांचं लक्ष पश्चिम आफ्रिकेकडे. तिकडून ढगांची एखादी लाट अटलांटिकवर उतरते आणि पश्चिमेकडे सरकायला लागते. बहुतेक लाटा वाटेतच मरतात, कधी सहारावरून आलेल्या कोरड्या धुळकट हवेने, कधी वरच्या थरातल्या आडव्या वाऱ्याने. त्यातून जी टिकते आणि जिच्या खाली समुद्र साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला असतो, ती गोल फिरू लागते. वारा ताशी 63 किलोमीटरला पोचला की तिला नाव मिळतं, 119 झाला की हरिकेन. पुढे एक ते पाच श्रेण्या. नवीन माणूस इथेच फसतो, कारण श्रेणी फक्त वाऱ्याची असते, पाण्याची नाही. 2001 सालची ॲलिसन कधी हरिकेन झालीच नाही, शेवटपर्यंत साधं उष्णकटिबंधीय वादळ राहिली. तरी तिने ह्यूस्टनच्या मेडिकल सेंटरमधल्या इस्पितळांची तळघरं भरली आणि टेक्सासपासून पेनसिल्व्हेनियापर्यंत 41 माणसं नेली. हरिकेन न होताही ज्याचं नाव वादळांच्या नावांच्या यादीतून कायमचं काढून टाकलं असं अटलांटिकमधलं ते पहिलं वादळ.

आता हार्वे. त्याला 17 ऑगस्ट 2017 ला बार्बाडोसच्या पूर्वेला नाव मिळालं, दोनच दिवसांत कॅरिबियनमध्ये ते विस्कटलं आणि लोक विसरून गेले. 23 तारखेला मेक्सिकोजवळच्या कॅम्पेचेच्या उपसागरात पुन्हा जुळून आलं. 25 तारखेला रात्री टेक्सासच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्टजवळ, श्रेणी चार, वारा ताशी सुमारे 215 किलोमीटर. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. आमचा पाच दिवसांचा गणपती. रॉकपोर्ट आमच्यापासून अडीचशे किलोमीटर, त्यामुळे वस्तीत सगळे म्हणत होते, आपल्याकडे नुसता पाऊस. मी चिपळूणची. नुसत्या पावसाचं मला कोण काय सांगणार!

पण वादळाला पुढे ढकलणारा वाराच राहिला नाही. दोन्ही बाजूंना उच्च दाबाचे प्रदेश, मध्ये हे अडकलेलं. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची हरिकेनची पदवीसुद्धा गेली होती आणि खरा पाऊस त्यानंतर पडला. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी उचलायचं आणि ह्यूस्टनवर ओतायचं. 28 ला ते परत समुद्रात उतरलं आणि 30 ला लुईझियानात दुसऱ्यांदा किनाऱ्याला लागलं. टेक्सासमधल्याच नेडरलँड गावात 1539 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. एकूण नुकसान 125 अब्ज डॉलर.

तुम्ही केटी म्हणालात म्हणून बार्कर जलाशयाबद्दल सांगते. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर अशी दोन मातीची धरणं आहेत, 1940 च्या दशकातली, शहर वाचवण्यासाठी बांधलेली. एरवी कोरडी असतात. आत बागा, मैदानं, सायकलचे रस्ते. पण पूर्ण भरली तर पाणी जिथवर चढू शकतं, तेवढी सगळी जमीन सरकारने कधी घेतलीच नव्हती. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती उभ्या राहिल्या. काही वसाहतींच्या मंजूर नकाशांवर तशी एक बारीक ओळ छापलेलीही होती, पण भाडेकरू कशाला मंजूर नकाशा बघतोय? आमचं घर धरणाच्या पोटातच होतं. पुराच्या सरकारी नकाशावर मात्र ते धोक्याच्या पट्ट्याबाहेर. पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं, आणि तरीही पाणी उभंच. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरतं आणि उतरतं. हे उतरायचं नावच घेत नव्हतं.

आम्हाला बाहेर काढलं ते लुईझियानाहून आपली मासेमारीची होडी घेऊन आलेल्या एका माणसाने. असे शेकडो आले होते, त्यांना कॅजुन नेव्ही म्हणतात. हा तिथल्या लेक चार्ल्स शहरातला. माझ्या मांडीवर आठ महिन्यांची धाकटी, नवऱ्याच्या मांडीवर गणपती, मुलाच्या हातात कागदांची पिशवी. ही पिशवी भिजली.

तो कागदांचा भाग अजून डोक्यात जातो. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पूर बसत नाही, हे तुम्हाला कोणीही सांगेल. हे मात्र सांगणार नाही की एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर केंद्र सरकारची आपत्तीनंतरची रोख मदत तुम्हाला मिळत नाही. कर कितीही भरा. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. म्हणजे आमच्या घरात पूरग्रस्त कोण, तर धाकटी, जिला अजून नीट बसता येत नव्हतं. फोनवरच्या बाईने अर्जदाराशी बोलायचं आहे म्हटल्यावर मी पाळण्याकडे बघून हसायला लागले आणि मग ते हसू थांबेना. तुमची मुलगी तिकडे जन्मलेली, त्यामुळे तुम्हाला तेही दार बंद. वर आय-797 ची, म्हणजे व्हिसाच्या मंजुरीच्या कागदाची, मूळ प्रत लगदा झालेली. ती पुन्हा मिळेपर्यंत नवऱ्याचा वाहन परवाना अडकला, परवाना नाही म्हणून तात्पुरत्या घराचा करार अडकला, आणि प्रत्येक खिडकीवर एकच उत्तर: दुसऱ्या खिडकीवरचा कागद आणा.

मुलाची शाळाही पाण्यात गेली होती. तात्पुरतं घर दुसऱ्या भागात मिळालं, म्हणून दुसरी शाळा, नव्याने प्रवेश. टेक्सासमध्ये प्रवेशाच्या वेळी एक फॉर्म असतो, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी लिहिलं. मग इंग्रजीची तोंडी परीक्षा. मुलगा बालवर्गापासून इंग्रजी बोलणारा, पण होडीतून उतरल्यापासून तो आमच्याशीसुद्धा बोलत नव्हता, परीक्षकाशी काय बोलणार? गप्प बसला. शिक्का बसला: इंग्रजी न येणारा. मी भेटून सांगितलं, लिहून दिलं, जुन्या शाळेतल्या बाईंची मेल दाखवली. नियमाप्रमाणे शिक्का वर्षअखेरीलाच निघतो, म्हणाले. ते अख्खं वर्ष त्याला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेत आणि चित्रं दाखवून ‘हे काय आहे’ विचारत. आता तो हायस्कूलमध्ये आहे, उत्तम चाललंय, इंग्रजीत बक्षिसं घेतो. मराठी समजतं त्याला, पण बोलत नाही. त्या वर्षीपासून. आजी फोनवर असली तरी नाही. नवरा म्हणतो, इथली सगळीच मुलं अशी होतात, तू पुराला कशाला धरतेस? असेलही. तुम्ही मात्र फॉर्मवर मराठीच लिहा. मी आजही तेच लिहीन. फक्त जुन्या शाळेची सगळी पत्रं फोनमध्ये नाही, मेलवर ठेवा.

एकटेपणाचं विचारलंत. मंडळ आहे, ढोलपथक आहे, दुकानात भाजणीसुद्धा मिळते. होईल सवय.

जे खरं सांगायचं होतं ते वेगळंच आहे. 2020 च्या ऑगस्टमध्ये लॉरा आली. नकाशावर तो पांढरा शंकू असतो ना, त्याच्या कडेला आम्ही होतो. (वादळाचं केंद्र कुठून जाईल याचाच तो अंदाज असतो, पाऊस शंकूबाहेरही पडतो, हे लक्षात ठेवा.) 25 तारखेला आमच्या किनाऱ्यावरचं गॅल्व्हेस्टन शहर रिकामं करायचा हुकूम निघाला. आम्ही गाडी भरून तयार. मी देवापुढे बसून अक्षरशः म्हणत होते, वळू दे, वळू दे. आणि ते वळलं. आम्ही बिर्याणी मागवली, शेजारी आले, हसलो, गाणी लावली. 27 च्या पहाटे लॉरा लुईझियानात कॅमेरॉनला धडकली, श्रेणी चार, ताशी 240 किलोमीटर, आणि तिथून सरळ लेक चार्ल्सवर. सहा आठवड्यांनी डेल्टा नावाचं दुसरं हरिकेन जवळजवळ त्याच जागी. त्या होडीवाल्याचं नावही आम्ही विचारलं नव्हतं. त्याचं घर राहिलं की नाही, कळायला मार्ग नाही. इथे राहायचं म्हणजे दर वर्षी तेच मागणं मागायचं, आणि वादळ वळलं तर कोणाच्या दारात जाईल हे माहीत असताना मागायचं. मी अजून मागते. तुम्हीही मागाल.

2024 ची बेरिल फक्त श्रेणी एकची होती आमच्याकडे आली तेव्हा. आठवड्याआधी कॅरिबियनमध्ये पाचवर जाऊन आलेली, मोसमात इतक्या लवकर पाचवर गेलेलं अटलांटिकच्या नोंदीतलं पहिलं वादळ. पाणी शिरलं नाही, पण वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तीही भर जुलैत. तेव्हा जनरेटर असलेल्या दोन मित्रांशी मैत्री करून ठेवा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

आता कामाचं. राष्ट्रीय पूरविमा भाडेकरूलाही फक्त सामानापुरता घेता येतो, 1 लाख डॉलरपर्यंत, पण सहसा 30 दिवसांनी लागू होतो. ऑगस्टमध्ये उतरून घेतलात तर मोसमाचं शिखर, म्हणजे 10 सप्टेंबरचा सुमार, विम्याशिवाय जाईल. पत्ता ठरला की तिथूनच चौकशी सुरू करा. 2022 पासून टेक्सासमध्ये घरमालकाला भाडेकरूला लेखी कळवावं लागतं की घर पूरक्षेत्रात आहे का आणि मागच्या पाच वर्षांत पाणी शिरलं होतं का. पाच वर्षं. हार्वे त्यातून कधीच बाहेर पडला, त्यामुळे खरा घरमालकही ‘नाही’ लिहील. म्हणून 2017 चं नाव घेऊन विचारा, आणि घर बार्कर किंवा ॲडिक्सच्या पाण्याच्या रेषेत येतं का तेही वेगळं विचारा. दलाल टाळाटाळ करायला लागला की पुढचं घर बघा. दोन-तीन पत्ते नक्की झाले की मला पाठवा, मी गाडी काढून बघून येते.