बी.कॉम.नंतर एसआरए-म्हाडाच्या इमारतींचा व्यवस्थापक व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही बी.कॉम. आहात, मुंबईत राहता आणि कोणता कोर्स करावा असं विचारलंय. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा पदविका) ही परीक्षा द्या. कोणत्याही पदवीधराला ती देता येते. हिशेब, लेखापरीक्षण आणि सहकार कायदा हे तिन्ही विषय त्यात येतात, आणि रोजच्या कामाला नेमके तेच लागतात. गृहनिर्माण संस्थांपुरती सी.एच.एम. (गृहनिर्माण व्यवस्थापन प्रमाणपत्र) ही परीक्षाही त्याच खात्याची आहे. एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) समाजविकास अधिकाऱ्याच्या पदासाठी उपयोगी पडेल, इमारत चालवायला तेवढ्याने भागत नाही.

म्हाडात मिळकत व्यवस्थापक हे पद आहे, पण जागा मोजक्या आणि भरती स्पर्धा परीक्षेतून होते. जाहिरात निघाली की अर्ज करा, तिच्या भरवशावर बसू नका. एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, पुनर्वसन इमारतींत काम भरपूर आहे. एकट्या इमारतीला पूर्णवेळ माणूस सहसा परवडत नाही, त्यामुळे जवळजवळच्या तीन-चार इमारती एकत्र घ्याव्या लागतात.

या कामात समाजसेवा कमी, वसुली जास्त. समजा ९६ घरांची इमारत आहे. पंप-लिफ्ट-जिन्याचं वीजबिल ४८,०००, लिफ्टचं कंत्राट १२,०००, वॉचमन आणि सफाई ३६,०००. म्हणजे महिन्याला दर घरामागे १,००० रुपये. जुन्या योजनांत बिल्डरने दर घरामागे २०,००० रुपये देखभालीसाठी ठेवायचे आणि व्याजातून खर्च भागावा अशी कल्पना होती. सहा टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला घरामागे १०० रुपये होतं. उरलेले ९०० रहिवाशांच्या खिशातून यायचे असतात, आणि घर फुकट मिळालं म्हणजे पुढेही फुकटच, अशी अनेकांची समजूत असते. ३० घरांनी पैसे थांबवले की वीजबिल टाळता येत नाही म्हणून लिफ्टचं कंत्राट थकतं. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे नियमित भरणारेही हात आखडतात. कमिटी मग थकबाकीदारांचं पाणी तोडायचा ठराव करायला निघते. तो करू देऊ नका. तो बेकायदा आहे आणि तक्रार झाली तर उलट कमिटीच अडकते.

कायद्याचा रस्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ चा. बिलं, स्मरणपत्रं, कमिटीचा ठराव आणि खातेउतारा जोडून सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी (थकबाकी सक्तीने वसूल करण्याच्या आदेशासाठी) अर्ज करायचा. एसआरएच्या संस्थांचा निबंधक प्राधिकरणातच बसतो. व्याज उपविधींतल्या (संस्थेच्या नियमांतल्या) कमाल दराच्या वर लावता येत नाही, तेही सरळव्याज. अर्ज अडतात ते बहुधा दोन कारणांनी: खातेउताऱ्यातली रक्कम ऑडिट झालेल्या ताळेबंदाशी जुळत नाही, किंवा नोटीस मयत सभासदाच्या नावाने निघालेली असते. वारसनोंद किंवा हस्तांतरण न करता स्टॅम्प पेपरवर विकलेली घरं ही तर वेगळीच डोकेदुखी. म्हणून पहिल्याच महिन्यात सभासद नोंदवही घेऊन दारोदार फिरा आणि घरात प्रत्यक्ष कोण राहतं ते टिपून ठेवा.

बाकी तारखा पाळायच्या: अग्निसुरक्षेचा बी फॉर्म (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलैत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत, गेला पाहिजे. पुनर्वसन इमारतींत तो बहुतेकदा गोळाच होत नाही, आणि गच्ची गळायला लागली की माणशी एकदम हजारो रुपये मागावे लागतात.

इमारत स्वीकारण्याआधी शेवटचा ऑडिट रिपोर्ट, थकबाकीची यादी आणि बँक पासबुक मागा. दोन-तीन वर्षांचं ऑडिटच झालेलं नसेल तर ते पूर्ण करून घेण्याचे पैसे महिन्याच्या पगारात धरू नका, वेगळे ठरवा आणि तसं लेखी घ्या.