दुबईचा पगार कोल्हापुरात: कुठल्या खात्यावर, कुणाच्या नावावर

शिरोलीच्या फौंड्रीतलं काम सोडून तू दुबईला निघालायस, व्हिसा हातात आलाय. तुझे प्रश्न असे: जाताना पैसे किती आणि कशात न्यायचे, पगार वडिलांच्या जुन्या खात्यावर टाकला तर चालतो का, आणि रेट बघून पाठवायचे की दर महिन्याला. शेवटी एका ओळीत विचारलंयस, एकटं वाटतं का. मेडिकल, करार, एमिरेट्स आयडी ही माहिती सरकारी पानांवर आहे, ती इथं परत लिहीत नाही. खात्याचं मात्र सविस्तर लिहितो, कारण तिथं केलेली घाई पुढं भावाभावांत येते.

आधी जाताना काय न्यायचं ते. पहिला पगार हातात यायला महिना, कधी दीड महिना जातो. राहायची सोय कंपनीची असेल तर हजार ते दीड हजार दिरहम पुरतात. खोली स्वतः बघायची असेल तर डिपॉझिट धरून त्याच्या तिप्पट लागतील. डॉलर घेऊन तिथं दिरहम करू नकोस, दोनदा बदलण्यात दोनदा कापले जातात. आपल्याकडं दिरहमच्या नोटा प्रत्येक दुकानात तयार नसतात, म्हणून आठवडाभर आधी फोन करून सांगून ठेव. दुकान रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेलंच हवं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट दाखवावं लागतं आणि प्रवासाच्या आधी 60 दिवसांच्या आतच चलन मिळतं. रोखीनं 50,000 रुपयांपर्यंतच घेतात, त्यावरची रक्कम चेकनं किंवा कार्डानं. एक लाखापर्यंतच्या व्यवहारावर जीएसटी 0.18 टक्के बसतो, कमीत कमी 45 रुपये. याहून जास्त कर कुणी लावला तर पावतीवर फोड करून माग. दिरहमच्या 100 आणि 50 च्या नोटा घे. विमानतळावरच्या काउंटरवर फक्त अडचणीपुरतं बदलायचं, तिथला रेट नेहमीच वाईट असतो. आणि भारतीय रुपये 25,000 पेक्षा जास्त बाहेर नेता येत नाहीत.

आता रेट. दिरहम 1997 पासून डॉलरला बांधलेला आहे, 3.6725 दिरहमला एक डॉलर. म्हणून दिरहमचा भाव वेगळा शोधायला नको. डॉलरचा भाव घे आणि 3.6725 नं भाग. समजा डॉलर 85 रुपये आहे, तर दिरहम 23.145. एक्स्चेंजवाल्यानं 22.95 लावला तर दिरहममागं जवळपास 20 पैसे त्यानं ठेवले. वर फी समजा 20 दिरहम, तिच्यावर 5 टक्के व्हॅट, म्हणजे 21. या हिशोबानं 3,000 दिरहम पाठवलेस तर रेटमध्ये 585 रुपये आणि फीमध्ये 480 च्या आसपास जातात, मिळून दीड टक्का. तेच 500 दिरहम पाठवलेस तर फी तेवढीच, आणि एकूण पाच टक्के जातात. म्हणून आठवड्याला थोडे थोडे पाठवायची सवय लावून घेऊ नकोस. ‘झिरो फी’ची पाटी दिसली की रेटचा फरक मोजायचा, कारण फी नसेल तिथं कमाई रेटमधूनच होते. बँकेतून स्विफ्टनं, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवताना खर्च कुणाचा हे निवडावं लागतं. वाटेतल्या बँकेची कपात घरी पोचणाऱ्या रकमेतून नको असेल तर ‘अवर’, म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, निवडतात, नाहीतर घरी रक्कम कमी पोचते आणि का कमी आली ते कुणालाच सांगता येत नाही. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी बरेच जण रेट थोडा खालीच ठेवतात.

रेट चढायची वाट बघत बसायचं का? व्हिसा-तिकिटासाठी गावात दोन टक्के महिन्यानं पैसे उचलले असशील तर अजिबात नाही. 20 पैसे वाढले तर 3,000 दिरहममागं 600 रुपये मिळतील. तेवढ्याच रकमेवर महिनाभर थांबल्याचं व्याज 1,380 होतं. कर्ज फिटेपर्यंत पगार झाल्याबरोबर पाठवायचे. फिटल्यावर हवं तर रेट बघ.

हवालावाला तुला लेबर कॅम्पातच भेटेल. रेट चांगला देईल, पैसे संध्याकाळपर्यंत गावात पोचवील. फेमा, म्हणजे परकी चलनाच्या कायद्यानं, ते बेकायदेशीर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या पैशाचा कागद कुठंच राहत नाही. उद्या घरासाठी कर्ज काढताना, प्लॉट घेताना पैसा आला कुठून हे दाखवायला तुझ्याकडं काही नसेल.

आता खातं. नोकरीसाठी देश सोडलास की फेमाच्या दृष्टीनं तू अनिवासी झालास. तुझं सध्याचं बचत खातं तसंच ठेवून चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या जमा-खर्चाचं खातं, करून घ्यावं लागतं. बाहेरची कमाई टाकायला एनआरई खातं वेगळं उघडायचं. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसे हवे तेव्हा परत बाहेर नेता येतात. एनआरओच्या व्याजावर 30 टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापतात. मुदतठेव एनआरईमध्ये किमान एक वर्षाची, त्याआधी मोडली तर व्याज शून्य. रोजगार व्हिसा दाखवला की बऱ्याच बँका निघण्याआधी इथंच कागद घेतात. ते आत्ता उरक, कारण तिकडून करायचं तर सह्या साक्षांकित करून कुरिअर करत बसावं लागतं. कागदांवर नाव एकसारखं हवं. आपल्याकडं पासबुकावर आडनाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव पूर्ण, पासपोर्टावर तिसरंच काही. एवढ्यावरून फॉर्म परत येतो आणि महिना जातो. आपल्या माणसाचं नाव कसं लिहितात हे आपल्याच बँकांना कळू नये, याचा मला आजही राग येतो.

वडिलांच्या खात्यावर पाठवायला कायद्याची आडकाठी नाही. मुलानं वडिलांना दिलेल्या पैशावर कर लागत नाही. बायकोला दिलेल्या पैशावरही नाही, पण ते गुंतवून मिळालेलं उत्पन्न तुझ्याच उत्पन्नात धरतात. तरी वडिलांच्या खात्यावर घरखर्चापुरतेच टाक. बचत तुझ्या एनआरईत. वडिलांचं त्याच बँकेत पीककर्ज थकलं असेल तर बँक जमा रक्कम तिकडं वळवू शकते. एनआरईवर वडिलांचं नाव ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीनं (तू असेपर्यंत खातं तुझं, तुझ्यामागं त्यांचं) जोडता येतं, आणि मँडेट, म्हणजे खातं चालवायचा अधिकार, दिलंस तर गरजेला ते पैसे काढू शकतात. असं वेगळं ठेवलं तर घरचे दुखावतील ही भीती तुला वाटणार, मला ठाऊक आहे. ती मलाही वाटते, आणि त्यावर उपाय मला सापडलेला नाही. पण हे बोलणं निघण्याआधी, समोरासमोर बसून केलेलं बरं.

पतसंस्थेत टाकू नकोस, ओळखीचा माणूस संचालक असला तरीही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. आणि प्रत्येक सहकारी बँकेला एनआरई खातं उघडायची परवानगीही नसते, आधी विचारून घे.

जमिनीचं नीट वाच. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं येते तेवढीच. म्हणून पोरं पैसे पाठवतात आणि पंचगंगेकाठचा उसाचा तुकडा वडिलांच्या नावावर घेतला जातो. सातबारा वडिलांचा, म्हणजे मृत्युपत्र नसेल तर त्यांच्या मागं तो सगळ्या वारसांचा. पैसे तू पाठवलेस हे तोंडी सांगून उपयोग नाही. घेणारच असशील तर मृत्युपत्र त्याच वेळी करून घे. बापाकडं हा विषय काढणं जड जातं. तरी काढ.

नंबरांची चूक टाळ. भारतातल्या बँका रक्कम खाते क्रमांकावर जमा करतात, नाव जुळवतीलच असं नाही. आयएफएससी 11 अक्षरांचा, पाचवं अक्षर नेहमी शून्य, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. विलीन झालेल्या बँकांचे जुने कोड आता चालत नाहीत, म्हणून जुन्या पासबुकावरून उतरवू नकोस. पहिल्यांदा 100 दिरहमच पाठव, घरून एसएमएस आल्यावर उरलेले.

मुलांना पुढं तिकडं नेणार असशील तर शाळेची फी दिरहममध्ये भरायची आहे हे धरून चाल, पाठवायच्या रकमेतला मोठा वाटा तिथं जातो. आणि मधल्या वर्गात परत आणलंस तर महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. घरी मराठी बोलणारं पोर लिहायला बसलं की अडखळतं, आणि शाळा ते त्याचा दोष असल्यासारखं बोलतात. हे मला अजून सलतं. पाढे आणि मराठी पुस्तकं पहिल्या वर्षापासून सोबत ठेव.

एकटेपणाचं एवढंच: काम असतं, झोप येते, दिवस जातो. घरच्या फोनवर ‘पैसे पोचले’ याच्यापुढं बोलणं सरकत नाही, तेव्हा जास्त टोचतं. म्हणून पैशाचं बोलणं मेसेजवर उरक आणि फोन दुसऱ्या दिवशी कर.

आणि भारतातला नंबर चालू ठेव. ओटीपी त्याच्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंग सुरू कर, वर्षभराचा रिचार्ज मार. रिचार्ज संपून नंबर बंद पडला तर काही काळानं तो दुसऱ्याला जातो, आणि तिथून बँकेत नवा नंबर नोंदवणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. एनआरई-एनआरओ खात्याला यूएईचा नंबर जोडूनही यूपीआय चालतं. तुझी बँक ते देते का, हे खातं उघडतानाच विचार.