विचारा, सांगते : सावली पुसू नका, आखूड करा

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शून्य सावलीच्या दिवसावर दोन मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म करायची आहे. आमचे चित्रकलेचे सर मदतीला आहेत. संहिता पाच पानांची झाली. आता चित्रं सुरू करावीत का? आणि सूर्य-पृथ्वी प्रमाणात कशी दाखवायची?

उत्तर : सर, विषय झकास निवडलात. शून्य सावली, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होणं, आपल्याकडे वर्षातून दोनदा येते आणि दोन्ही वेळा शाळेला हुलकावणी देते. तुमच्याकडे पहिली खेप मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन सुट्टीत. दुसरी ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा कोल्हापुरात ऊन पडलं तर नशीब! जे मुलांना प्रत्यक्ष दाखवता येत नाही त्याचीच फिल्म करावी, बाकीच्यासाठी मैदान आणि काठी पुरते.

चित्रं मात्र इतक्यात नकोत. दोन मिनिटांत निवांत बोललं तर सव्वादोनशे-अडीचशे शब्द मावतात, आणि तुमच्या पाच पानांत ऋतू, ग्रहणं, पंचांग सगळं आलं असणार. एकच प्रश्न ठेवा: काठी उन्हात उभी असताना तिची सावली गेली कुठे? बाकी सगळ्यावर काट मारा.

उरलेलं फोनवर रेकॉर्ड करा. हा कच्चा आवाज. मग प्रत्येक दृश्याची पेन्सिलने एक चिठ्ठी काढा, फोटो काढून त्या आवाजाखाली लावा. याला आम्ही अ‍ॅनिमॅटिक म्हणतो. ते आठवीच्या वर्गाला दाखवा आणि मुलं कुठे चुळबुळतात ते बघा. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी सेकंदाला 12, म्हणजे दोन मिनिटांना 1440 चित्रं. एवढी झाल्यावर दृश्य बदलायला सांगितलंत तर चित्रकलेचे सर चहालाही येणार नाहीत. आज फक्त एक चिठ्ठी फाटेल.

प्रमाणाचं म्हणाल तर विसरा. पृथ्वी 1 सेंटिमीटरची काढली तर सूर्य मीटरभराहून थोडा मोठा आणि जवळपास 117 मीटर लांब ठेवावा लागेल. ‘चित्र प्रमाणात नाही’ एवढं एका ओळीत सांगून टाका, तुमच्या प्रश्नाला त्याने धक्का लागत नाही. धक्का लागतो तो लांबुळक्या कक्षेने. तिरकस कोनातून काढलेलं वर्तुळ अंड्यासारखं दिसतं, आणि पोरं ठरवून मोकळी होतात की सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. तेव्हा कक्षा सरळ वरून दाखवा, वर्तुळच काढा.

आता खरी गोम. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे आणि तो वर्षभर एकाच दिशेला कललेला राहतो, म्हणून तर तुमच्याकडे सूर्य कधीतरी बरोबर डोक्यावर येतो. ब्लेंडर हे त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच घ्या. त्यात सगळे सोपं म्हणून सूर्यापाशी एक एम्प्टी (फिल्ममध्ये न दिसणारा, दुसऱ्या वस्तू बांधायचा बिंदू) ठेवतात, पृथ्वी तिला बांधतात आणि एम्प्टी फिरवतात. पृथ्वी फिरते खरी, पण आसही तिच्याबरोबर वळतो आणि उत्तर गोलार्ध कायम सूर्याकडे झुकलेला राहतो. महाराष्ट्रात बारमाही उन्हाळा! म्हणून कक्षेवर दुसरी एम्प्टी फिरू द्या आणि पृथ्वीला ‘कॉपी लोकेशन’ लावा. म्हणजे ती फक्त जागा उचलते, वळण उचलत नाही. कॅमेरा ऑर्थोग्राफिक (लांबचं लहान न दाखवणारा) ठेवून कक्षेच्या चार ठिकाणी फिल्म थांबवा आणि पडद्यावर पट्टी लावा. आसाच्या चारही रेघा समांतर आल्या पाहिजेत. पडद्यावर जे हलतं त्यावर मुलं विश्वास ठेवतात, निवेदन काहीही म्हणो.

तसंच घड्याळाचं. काठीची सावली संपते तेव्हा मागच्या भिंतीवर ठोक्याला बारा दाखवायचा मोह होईल. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, कोल्हापूर सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास, आणि अंशाला चार मिनिटं. सूर्य डोक्यावर यायला तुमच्याकडे साडेबारा होतात. वर्गातलं एखादं चौकस पोर हे पकडेलच, त्याआधी तुम्ही पकडा.

शेवटचं दृश्य सावलीचं. नवखे लोक ती हळूहळू फिकी करून पुसतात. सावली फिकी होत नाही, आखूड होते. टोकाकडून बुंध्याकडे सरकत ती काठीच्या पायाखाली जाते. बाजूला उघडी छत्री उभी करा: काठीची सावली दिसेनाशी होते, छत्रीची मात्र बरोबर तिच्याखाली गोल पडलेली. मी तर फिल्म तिथेच संपवीन.

प्रश्न : निवेदनाला स्वतःचा आवाज द्यावा की संगणकाचा? माझा आवाज घोगरा आहे.

उत्तर : स्वतःचा. संगणकाचा आवाज ‘सूर्य डोक्यावर येतो’ आणि ‘बस स्टँडवर येते’ एकाच सुरात म्हणतो. घोगरा चालतो, घुमणारा चालत नाही. खिडक्या लावून घ्या, पंखा बंद करा, गाद्यांच्या खोलीत बसा आणि फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा. पार्श्वसंगीत लावायचंच असेल तर निवेदन थांबतं तिथे लावा.