बारा लाखांची देणगी, की दर शनिवारचा विसावा?

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा २७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नाही), प्रमाणपत्रावर ८५ टक्के दिव्यांगत्व. उचलणं, भरवणं, अंघोळ सगळं त्याच करतात. वय ५८, गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षं लांबणीवर. पती ६३ वर्षांचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. पेन्शन ३८ हजार, बँकेत २२ लाखांच्या ठेवी. एका निवासी संस्थेनं परत न मिळणारी १२ लाखांची ‘देणगी’ मागितली आहे. बदल्यात मुलाला दरवर्षी ४५ दिवस तिथं ठेवता येईल, पुढे कायमच्या प्रवेशात प्राधान्य. द्यावेत का?

ताई, देऊ नका. विसावा तुम्हाला हवाच आहे, आणि तो दोन वर्षांपूर्वीच घ्यायला हवा होता. पण तो दुधा-किराण्यासारखा महिन्याच्या खर्चात बसवायचा असतो, एकरकमी विकत घ्यायचा नसतो.

तेच १२ लाख तुमच्या साहेबांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला २४,६०० रुपये हातात येतात, वर्षाला ९८,४००. म्हणजे बुडालेलं व्याज ४५ दिवसांवर वाटलं तर संस्थेतला एकेक दिवस तुम्हाला जवळजवळ २,२०० ला पडणार, आणि वर मुद्दलही गेलं. दुसरी संस्था अनामत न घेता दिवसाला १,५०० घेते, हे तुम्हीच लिहिलंय.

आता माझा हिशेब. ब्यूरोचा मदतनीस दिवसपाळीला ९०० घेतो. वर्षातले ५२ शनिवार म्हणजे ४६,८००. त्या दुसऱ्या संस्थेत वर्षाला २० दिवस, ३० हजार. व्याजातले उरलेले २१,६०० खर्चू नका. व्याज तेवढंच राहील, मदतनिसाचे दर मात्र वाढणार. ठेवी मोडू नका, जशा पिकतील तशा हलवा. तुमच्या ऑपरेशनसाठी वेगळे एक लाख बाजूला काढा. सहा आठवडे तुम्ही त्याला उचलणार नाही, हे गृहीत धरून.

माणूस बदलला की मुलगा जेवत नाही, म्हणून आजवर कुणाला ठेवलं नाही, असं म्हणता. मग एक वही करा. घास किती मऊ लागतो, भरवताना मान कशी धरायची, फिटच्या गोळीची वेळ, कुठला आवाज म्हणजे तहान नि कुठला म्हणजे कंटाळा. पहिले दोन दिवस मदतनीस आला तरी तुम्ही घरातच थांबा, त्याला पूर्ण पैसे द्या. हे १,८०० रुपये या सगळ्या बेतातला सगळ्यात शहाणा खर्च. संस्थेतही आधी एकच रात्र ठेवा, एकदम वीस नव्हे.

‘टॅक्स वाचेल’ हे संस्थेचं म्हणणं सोडून द्या. पेन्शन आणि व्याज मिळून तुमचं उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. नव्या कररचनेत त्यावर करच नाही, तर वाचणार काय? आणि बदल्यात ४५ दिवस मिळणार असतील तर ती देणगी कसली!

खरी भीती पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे: आमच्यामागं कोण? १२ लाख त्या भीतीपोटी निघालेत. त्यासाठी कागद करा. साहेबांच्या पेन्शनच्या कागदपत्रांत मुलाची दिव्यांग म्हणून नोंद आताच करून घ्या. साहेबांनंतर तुम्हाला आणि तुमच्यानंतर त्याला तहहयात कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. नॅशनल ट्रस्ट कायदा सेरेब्रल पाल्सीसारख्या दिव्यांगांसाठीच आहे; त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, तिथं अर्ज करा. पुण्यातली तुमची मुलगी तयार असेल तर तिचं नाव द्या, पण आधी तिला विचारा. आपल्याकडे हे गृहीत धरतात. त्याच ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाखापर्यंतची आहे, तीही घ्या.

साहेब मदतनिसाच्या ९०० रुपयांना ‘उधळपट्टी’ म्हणतात आणि १२ लाखांना तयार आहेत, हे वाचून मला हसू आलं, माफ करा. भाच्याच्या लग्नाला ते एकटेच गेले, तुम्ही घरी राहिलात. पहिल्या शनिवारी त्यांना घेऊन बाहेर पडा. घरी फोन दुपारी एकदाच, आणि तो साहेबांनी करायचा.