वाटेत आहात तोवरच

प्रश्न : वडिलांच्या घरावरून धाकट्या भावाशी अबोला आहे. वकील म्हणतात, नोटीस काढा. ‘वाद्याबरोबर वाटेत आहेस तोच समेट कर’ हे बायबलमधलं वचन (मत्तय 5:25) इथं लागू पडतं का?

अगदी लागू पडतं. ती वाट न्यायाधीशाकडे आणि तिथून तुरुंगाकडे जाणारी आहे. त्या काळी कर्जदार तुरुंगात पडला की त्याची कमाईच थांबे, मग फेड कुठून होणार? मत्तयाने तिथं ‘कोद्रांत’ हे नाणं लिहिलंय. मजुराचा दिवसाचा रोज एक दीनार, आणि त्याचा 64वा भाग म्हणजे कोद्रांत. तेवढंसुद्धा फेडल्याशिवाय सुटका नाही! तडजोड स्वस्तात होते ती वाटेतच.

तेव्हा नोटिशीआधी एकदा समोरासमोर बसा. मालमत्ता पत्रक, कर आणि दुरुस्तीच्या पावत्या सोबत ठेवा. पहिला अर्धा तास भावाला बोलू द्या, मध्ये तोडू नका. आकडे त्यानंतर. जमलं तर ‘झालं गेलं विसरू’ म्हणून उठू नका. बोलणी नेमकी इथं फसतात, कारण तोंडी वाटणी पुढच्या पिढीला मान्य नसते. वाटणीपत्र करून, मुद्रांक भरून, दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. दावा आधीच दाखल असेल तरी लोकअदालत आहे. तिथं तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, आणि निवाड्यावर अपील नसतं.

प्रश्न : मंडळीच्या (चर्चच्या) हिशेबावरून एका सभासदाने खजिनदारावर थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर आरोप केले. आता काय?

मत्तय 18:15-17 मधल्या पायऱ्या उलट्या चढल्या गेल्यात. आधी दोघांनी एकांतात बोलायचं. नाही जमलं तर एक-दोन जण सोबत न्यायचे, आणि मंडळीपुढे अगदी शेवटी. पोस्ट काढायला सांगा आणि पहिल्या पायरीवर परत या. सोबतचे दोघे ‘आपली माणसं’ नसावीत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या असतात. इथं त्यांनी आधी पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक ताडून पाहावं. आणि हो, ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते’ ही सुरुवात करून चार घरी नेलेली गोष्ट पायरी चुकवणारीच.

प्रश्न : नवरा मारतो. पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, ख्रिस्ती माणसाने कोर्टात जाऊ नये.

1 करिंथ 6 मध्ये प्रेषित पौल फसवणुकीचे, देण्याघेण्याचे दावे धरून बोलतोय. मारहाण हा गुन्हा आहे. स्वतः पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागितली (प्रेषितांची कृत्ये 25:11). मारणाऱ्यासमोर एकटीने ‘एकांतात’ बसूही नका. 112 किंवा 181 वर फोन करा. बालकाच्या लैंगिक शोषणात तर पोलिसांना कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे, पाळकांनासुद्धा.

प्रश्न : मी माफी मागितली, ती बोलतच नाही. प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेऊ का?

घ्या. रोम 12:18 मध्ये ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशी मर्यादा आहे. मात्र माफी ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ अशी मागितली असेल, तर ती अजून बाकीच आहे. नेमकं काय चुकलं ते नाव घेऊन सांगा.

आणि हे रविवारच्या उपासनेआधी, शनिवारी रात्री करू नका. तिसऱ्या शतकातल्या सिरियातल्या मंडळीच्या एका नियमग्रंथात तंटे सोमवारी ऐकावेत असं सांगितलंय. कारण साधं : कोणी अडून बसलं तर रविवारपर्यंत पुन्हा बोलायला हाताशी आठवडा उरतो.